मदत हवी आहे : ऑपरेशनच्या आधी टीव्हीवरचे कॅन्सर सर्जरीचे माहितीपट बघावेत का?

गुलबक्षी : उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ आहे. १२ दिवसांनी ऑपरेशन : स्तन ठेवून फक्त गाठ काढणार आणि काखेतला सेंटिनल नोड (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती लसिका ग्रंथी) तपासणार. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काय होतं ते आधीच कळलं तर बरं, म्हणून माहितीपट बघायचा विचार आहे. घरच्यांचा विरोध. त्यातलं मला कितपत लागू पडेल? रक्त बघून भोवळ येते, तेही सांगून ठेवते.

टाका : बघा, पण आधी डॉक्टरांकडून ऑपरेशनचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. 'ब्रेस्ट कॅन्सर सर्जरी' म्हणून जे दाखवतात त्यात गाठ काढणं, पूर्ण स्तन काखेतल्या नोड्ससह काढणं (एमआरएम) आणि अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांचं जुनं ऑपरेशन अशी सगळी सरमिसळ असते. हॉलस्टेडच्या पद्धतीत छातीचे स्नायूही काढत. १९७० च्या दशकात अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी सुरू केलेल्या रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्यांनंतर ती मागे पडली. इतिहासाच्या भागात ती चित्रं हमखास येतात आणि रुग्ण विचारतात, "माझा हात उचलेल ना?" तुमच्यात स्नायूंना हात लावत नाहीत.

बीबीसीची २०१८ ची 'सर्जन्स : ॲट द एज ऑफ लाइफ' ही मालिका बर्मिंगहॅमच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयातली. काम उत्तम, पण केसेस मुद्दाम अवघड निवडलेल्या. तुम्हाला तिचा उपयोग शून्य.

पडद्यावर धूर निघताना दिसला तर दचकू नका. ती कॉटरी : विजेने कापते आणि रक्तवाहिनी तिथल्या तिथे बंद करते. पिवळं दिसतं ती चरबी. कॅमेरा इतका जवळ नेतात की चमचाभर रक्त वाटीभर वाटतं.

चाफा : निळ्या रंगाचं कुणी सांगत नाही. सेंटिनल नोड शोधायला बहुतेक ठिकाणी निळा डाय टोचतात. नंतर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, स्तनावर निळसर डाग राहतो. शिवाय डायमुळे बोटावरचं यंत्र ऑक्सिजन खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवू शकतं. माहितीपटात तेवढ्यावरच भीतीदायक संगीत सुरू करतात!

माझ्या मते खरी फसगत शेवटी होते. सर्जन मास्क काढून "सगळं निघालं" म्हणतात आणि नावं सुरू होतात. प्रत्यक्षात त्या दिवशी फार तर फ्रोझनचा (काढलेला तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीचा) रिपोर्ट मिळतो, साधारण अर्ध्या तासात, आणि तो प्राथमिक असतो. मार्जिन (काढलेल्या भागाची कड) क्लिअर आहे का, नोडमध्ये काय सापडलं, हे पक्कं कळायला आठवडा-दहा दिवस. मार्जिनला पेशी सापडल्या तर थोडा भाग पुन्हा काढावा लागतो. म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं नव्हे. तो मधला आठवडा टीव्हीवर कधीच येत नाही, म्हणून रुग्णांना तोच जड जातो. 'फायनल हिस्टोपॅथॉलॉजी (पेशींच्या तपासणीचा अंतिम रिपोर्ट) कधी?' हे आत्ताच विचारून ठेवा.

गुलबक्षी : आणि भोवळीचं काय? ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) पण असेल का?

टाका : ड्रेन गाठ काढण्यात बरेचदा लागत नाही. काखेतले सगळे नोड काढले तर लागतो.

भोवळीसाठी : दिवसा, पोटभर खाऊन, पाठीला टेकून बसा. आवाज बंद, रिमोट दुसऱ्याच्या हातात. डोकं हलकं झालं की दंड, पोट, मांड्या १०-१५ सेकंद आवळून धरा, मग २०-३० सेकंद सैल सोडा, असं पाच वेळा. नजर नुसती वळवून भागत नाही, कारण रक्तदाब पडलेला असतो. कमी नाही झालं तर आडव्या व्हा. ओटीत हा प्रश्नच नाही, तिथे तुम्ही भुलेत. पण आधी रक्त काढणाऱ्यांना आणि भूलतज्ज्ञांना हे जरूर सांगा.

चाफा : शेवटचे दोन-तीन दिवस मात्र काहीच बघू नका, झोप उडते. आणि उपाशी राहण्याची वेळ टीव्हीवरून ठरवू नका. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद असतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेलीच वेळ पाळा.