प्रतिसाद: कॅमेरा मुद्दाम हलवून काढलेले फोटो

हालचाल फोटोत उतरावी म्हणून दुपारी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं की फोटो पांढराफटक येतो, असं वर कुणीतरी लिहिलंय. उजेड जास्त होतो, एवढंच. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ ठेवलं की कडक उन्हात शटरचा वेळ साधारण १/१२५ सेकंद मिळतो. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी गडद काच, लेन्सवर लावा, तोच १/२ सेकंदावर येतो. फिल्टर नसेल तर दिवेलागणीनंतर ठाण्यात मासुंदा तलावावर जा. कॅमेरा वरून खाली ओढलात की दिवे आणि पाण्यातली त्यांची प्रतिबिंबं उभ्या रेघा होऊन एकमेकांत मिसळतात. हात मात्र शटर दाबायच्या आधीपासून हलता हवा, आणि शटर मिटेपर्यंत थांबता कामा नये. जिथे हात थबकतो तिथे रेघेवर जाड ठिपका उमटतो. स्टॅबिलायझेशन (हाताचे हादरे कमी करणारी सोय) बंद ठेवा.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या झाडांना उभी हालचाल, नवी मुंबईच्या खाडीकाठच्या फ्लेमिंगोंना आडवी. राखाडी चिखलावर नुसता गुलाबी पट्टा आला तरी मला पुरतो, पक्षी ओळखू यायलाच हवा असं नाही.

‘हे फोटोशॉपमध्येही होतं’ हे इथलं म्हणणं मात्र पटलं नाही. तिथला मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा देणारा फिल्टर) सगळीकडे एकसारखा ओढला जातो. हाताच्या ओढीतली बारीक थरथर रेघांना वळणं देते, आणि ती दर फोटोत वेगळी असतात.