गारिंचाचं नाव घ्यायचं की नाही?

उजवा विंगर:
काल, २० जानेवारीला, ब्राझीलचा फुटबॉलपटू गारिंचा याच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने सरळरेषा यांनी लिहिलं, "देवाने दिलेलं सगळं दारूत घालवलं. मुलांना पेलेची शिस्त सांगा, याचं नाव कशाला काढता?" रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९६२ चा वर्ल्ड कप आठवा. दुसऱ्याच मॅचमध्ये पेले जखमी झाला आणि बाहेर बसला. पुढे ब्राझीलला कोणी तारलं? क्वार्टर फायनलला इंग्लंडवर दोन गोल, सेमीफायनलला यजमान चिलीवर दोन. फायनलला अंगात ताप होता, तरी उतरला. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक दुसऱ्यापेक्षा आखूड. पेले आणि गारिंचा दोघं एकत्र खेळले त्यातली एकही मॅच ब्राझील हरलं नाही. ही नोंद दोघांच्या नावावर आहे, एकट्या शिस्तीच्या नाही.

आणि ती चाल! समोर अडवायला उभा बॅक, मध्ये चेंडू थांबलेला. गारिंचा उजवीकडे झेपावतो, बॅक त्याच्यामागे धावतो, चेंडू मात्र जागच्या जागी. तो परत येतो, पुन्हा तेच. उजवीकडूनच जाणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत, बॅकलाही माहीत, आणि तरी तो उजवीकडूनच जायचा.

बाप दारुडा. गाव पाउ ग्रांदे, तिथल्या कापड गिरणीत पोरवयातच कामाला लागला. पुढे बोताफोगो क्लबने गुडघ्यात इंजेक्शनं टोचून टोचून खेळवला. कोऱ्या करारावर सह्या करणारा भाबडा माणूस तो. १९८३ मध्ये लिव्हर संपून गेला, वय ४९. त्याला 'वाया गेलेला' म्हणायला जीभ कशी रेटते?

सरळरेषा:
रेटते, कारण १९६९ तुम्ही सोयीस्कर गाळलंत. गाडी तोच चालवत होता. ट्रकवर घातली आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या एल्झाची आई जागच्या जागी गेली. इंजेक्शन क्लबने दिलं असेल, स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं?

माझे वडील प्यायचे. रात्री दाराबाहेर किल्लीचा आवाज आला की आम्ही तिघं भावंडं कान टवकारायचो. किल्ली एका फटक्यात लागली तर जेवायला बसायचं. कुलपाभोवती खरवडत राहिली तर पुस्तकं उचलून आतल्या खोलीत. ऑफिसात वडिलांना सगळे 'काय हुशार माणूस' म्हणायचे. ते गेल्यावरही भेटायला आलेले लोक हेच सांगत बसले आणि आई सगळ्यांना चहा देत होती. म्हणून कोणी प्रतिभावंत दारुड्यावर फुलं उधळायला लागलं की माझं डोकं फिरतं.

जुना गोलकीपर:
सरळरेषा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण गारिंचा तुमचे वडील नव्हे. ब्राझीलने त्याला 'लोकांचा आनंद' म्हटलं ते त्याचा खेळ बघून. १९७३ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याच्या निरोपाच्या मॅचला लाखाच्या वर माणसं आली होती. ती काय मूर्ख होती?

वैशाखवणवा:
तुम्ही तिघांनी मिळून एवढं लिहिलंत आणि त्यात एल्झा सोआरेस आली ती फक्त 'एल्झाची आई' म्हणून. ती ब्राझीलच्या सर्वात मोठ्या गायिकांपैकी एक होती हे निदान एका ओळीत तरी यायला हवं होतं. रेडिओवरच्या स्पर्धेत निवेदकाने 'कुठल्या ग्रहावरून आलीस?' म्हणून हिणवलं, तर भर कार्यक्रमात 'भुकेच्या ग्रहावरून' असं सांगणारी ही मुलगी. गारिंचाशी जोडली गेल्यावर 'घर फोडणारी' म्हणून तिच्या मागे लागले. घरावर हल्ला झाला, दोघांना देश सोडून इटलीत राहावं लागलं. आई त्याच्या गाडीत गेली तरीही ती थांबली. १९७७ मध्ये त्याने हात उचलल्यावर बाहेर पडली. 'लोकांचा आनंद' घरात काय होता ते तिला विचारायला हवं होतं.

जुना गोलकीपर:
एल्झापुराण कशाला? धागा फुटबॉलवर आहे. आणि पहिली बायको नायर? आठ मुलींचा बाप एल्झाने नेला, ते सांगा की.

वैशाखवणवा:
'नेला'? तो काय पिशवी होता उचलून न्यायला? आठ मुली टाकून गेला तो, आणि हिशोब मागताय बाईकडे! दारू पिणाऱ्या माणसाच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईवरच दर वेळी बोट का जातं? माझ्या मावशीला हेच ऐकवलं लोकांनी. "तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता." नीट म्हणजे कसं, हे तिला वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही.

जुना गोलकीपर:
'नेला' हा शब्द चुकला. बाकी म्हणणं कायम आहे. नायरचं नावही कोणी घेत नाही, हेच मला म्हणायचं होतं.

वैशाखवणवा:
मग तेवढंच म्हणायचं होतं. त्यावर माझं भांडण नाही.

मधली फळी:
इथे सहसा नुसता वाचतो. आज लिहितो. मला दारू सोडून अकरा वर्षं आणि चार महिने झाले.

तुम्हा सगळ्यांना १९६२ आठवतं, मला रिओचा १९८० चा कार्निव्हल आठवतो. मांगेरा या सांबा पथकाच्या रथावर गारिंचाला बसवला होता. औषधांनी सुन्न, मान खाली, नजर कुठेच नाही. भोवती लोक जल्लोष करतायत आणि त्याला काही कळत नाहीये. मी बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत डब्याखाली ठेवायचो, आवाज होऊ नये म्हणून. त्या रथावरचा चेहरा मी रोज आरशात बघितलाय.

उजवा विंगर, तो आजार आहे, हे बरोबर. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टला २००२ मध्ये नवं लिव्हर बसवलं आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा प्यायला लागला. २००५ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. लोक त्याच्यावर चिडले होते. मला राग नाही आला, हातपाय गार पडले. पण आजार आहे म्हणून उचललेला हात माफ होत नाही. माझ्या मुलीने तीन वर्षं मला बाबा म्हणून हाक मारली नाही. तिचं चुकलं नव्हतं. सरळरेषा, तुमचंही चुकत नाहीये. फक्त नाव घेऊ नका म्हणू नका. माझं नाव घरात घेणं बंद झालं होतं ते दिवस सर्वात वाईट होते, मी सर्वात जास्त त्याच दिवसांत प्यायलो.

सरळरेषा:
माझ्या वडिलांबद्दल माझं मत बदलणार नाही, गारिंचाबद्दलही फारसं नाही. काल इंग्लंडच्या मॅचची चित्रफीत बघितली. खेळायचा, हे मान्य करावंच लागेल. 'नाव कशाला काढता' हे वाक्य मागे घेतो. तेवढंच.

उजवा विंगर:
अपघात मी गाळायला नको होता. 'भाबडा' म्हणत त्याला सगळ्यातून सोडवायला निघालो होतो.

वैशाखवणवा:
एक राहिलं. एल्झाने २०१५ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, एक गाणं म्हटलं. त्यातली बाई मारणाऱ्या नवऱ्याला सांगते, थांब, हेल्पलाइनला फोन लावते. आणि ती गेली २०२२ मध्ये, तारीख २० जानेवारीच. पुढच्या वर्षी धागा काढाल तेव्हा वर दोन नावं लिहा.

सरळरेषा:
तीन लिहा. त्या गाडीत गेलेल्या आईचं नाव रोझारिया होतं.