मोरोक्कोत फेसहून शेफशाउन एका दिवसात, सासूबाईंसह?

प्रश्न: आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 71, गुडघे कुरकुरतात). फेसहून खासगी गाडीने शेफशाउनला जाऊन रात्री परतायचं म्हणतोय. झेपेल?

उत्तर: झेपेल, पण जाता-येता सात-आठ तास गाडीतच जातात. रिफ डोंगरातली वळणं अशी, की आमची लेक दोनदा ओकली. आवळासुपारी जवळ ठेवा. टँजियर शहराहून अंतर जवळपास निम्मं आहे.

उत्तर: सासूबाईंना उता अल-हम्माम चौकात पुदिन्याचा चहा देऊन बसवा, समोर कसबा (जुना किल्ला) दिसतो. तुम्ही रास अल-माच्या झऱ्याकडे जा, पुढे स्पॅनिश मशिदीपर्यंत चढण आहे. गावातल्या निळ्या रंगवलेल्या गल्ल्यांत मात्र पायऱ्याच पायऱ्या!

प्रश्नकर्ती: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "चढणार मी. चहा तुम्हीच प्या." आता टँजियरहून जातोय, एक रात्र मुक्कामही करू.