वसई : किल्ल्यापुरतं यावं की कोळीवाड्यातही शिरावं?

पारनाका
वसईचा किल्ला बघायला येणाऱ्यांनी कोळीवाडाही बघितला पाहिजे, आणि वाड्यातल्याच लोकांनी तो पैसे घेऊन रीतसर दाखवला पाहिजे, असं माझं मत आहे. खुशाल ठोका.

सध्या काय चालतं? रविवारी वसई रोडला उतरायचं, किल्ल्यात प्री-वेडिंगवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायची. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १५३६ च्या सुमारास किल्ल्याचं काम निघालं, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो घेतला, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईलाच इंग्रजांशी तह केला. एवढं ऐकलं की वडापाव आणि परतीची लोकल. पडक्या चर्चच्या कमानीखाली फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक नसतं की पलीकडे किल्लाबंदर आणि पाचूबंदरात ख्रिस्ती कोळी राहतात, पावसाळ्यानंतर होड्यांना आशीर्वाद घेऊन समुद्रात जातात. मेलेलं गाव दाखवायचं आणि जितं झाकून ठेवायचं, याला पर्यटन कसलं म्हणायचं?

सकाळी दहा ते बारा अशी वेळ ठरवा, माणशी काही रक्कम घ्या, वाड्यातली मुलं सोबत द्या.

डोलीवाला
मी पाचूबंदरचा. पारनाका दादा, तुमचा हेतू चांगला असेल, पण आमचं घर म्हणजे नुमाइश नाही.

दहा ते बारा म्हणता? डोल, म्हणजे आमचं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालते. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करून ते बांधून ठेवायचं, भरती-ओहोटी पालटताना पाणी संथ झालं की उचलायचं. पाण्याची वेळ रोज पुढे सरकते. आज पहाटे चारला निघालेली होडी चार दिवसांनी सकाळी सातला निघेल. तुमच्या पाहुण्यांसाठी समुद्र थांबेल काय?

माल आल्यावर कुणाला मान वर करायला फुरसत नसते. बोंबलात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, तासाभरात मऊ पडतो. बायका दोन-दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवतात आणि जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाच्या, काठीवर टाकतात. हात बघत राहाल असा वेग. त्या वेळी मागून कुणीतरी ‘आंटी, जरा इकडे बघा ना’ म्हणतं. वर नाकाला रुमाल! मागच्या मोसमात एक जण खालून चांगला फोटो येतो म्हणून वलांडीत शिरला, खांद्याने काठी पाडली, बोंबील वाळूत. ‘सॉरी’ म्हणून गेला. वाळू लागलेला बोंबील कोण घेतं?

गडभटक्या
मूळ मुद्दाच पटला नाही. किल्ल्यावर आम्ही १७३९ साठी जातो. फेब्रुवारी ते मे वेढा, सुरुंग लावून बुरूज उडवले, माणसं पडली, तेव्हा फिरंग्यांनी किल्ला सोडला. इथल्या चर्चच्या घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीला आहेत, त्या बघा. सासू आवडेना म्हणून सुनेचं कौतुक, तसं किल्ल्याचा इतिहास नको म्हणून कोळीवाडा कशाला? शिवाय फिरंग्यांनी लादलेला धर्म ‘वारसा’ म्हणून मिरवायचा का, हेही एकदा बोलूया.

पारनाका
गडभटक्या, १७३९ नको असं मी कुठे म्हटलं? पण ती गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. किल्ला सोडताना जो तह झाला, त्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मुभा होती. जिंकलेल्यांनी दिलेली मुभा आहे ती, तिचा अभिमान बाळगायला हरकत काय? आणि कोळी काही पोर्तुगीजांच्या गलबतातून आले नाहीत. शेजारच्या सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले, इतकं हे बंदरपट्टीचं जगणं जुनं. आपण मात्र वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नाव घेतानाही कचरतो. हा माणूस १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत ठरला. घर वसईचं होतं हो त्याचं!

डोलीवाला, तुमचा वेळेचा मुद्दा मान्य. दहा-बारा मागे घेतो.

नायगावची पोर
मी कोळीण, डोलीवाला दादांच्या विरुद्ध बोलणार. माझी आई सुका बोंबील, जवळा विकते. व्यापारी वाड्यात येऊन भाव पाडून उचलतो, तोच माल दादरला कितीला जातो ते आम्हाला दिसतं. माणूस दारात येऊन शंभर रुपयांचा जवळा घेऊन गेला तर त्यात अपमान कसला? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. त्या दोन महिन्यांत घर कशावर चालतं ते पुरुष सांगत नाहीत, बायकांना ठाऊक असतं. त्यात बाकी मोसमात डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार, आणि जाळ्यात माशापेक्षा प्लास्टिक जास्त.

वाड्यात या, पण जेवायला या. भाकरी, बोंबलाचं कालवण, पाट्यावर वाटलेलं वाटप. त्याचे पैसे बाईच्या हातात पडू देत. फोटो विचारून काढा, एवढं काय अवघड आहे? मुलं बँकेत, कॉल सेंटरला निघाली, ‘तुझ्या आईच्या अंगाला वास येतो’ हे त्यांनी शाळेतच ऐकलंय. कुणी तोच मासा पैसे मोजून चाटून खाल्ला तर पोरांना थोडी किंमत कळेल.

कोचीतला देशपांडे
नोकरीमुळे फोर्ट कोचीला राहतो. तिथेही पोर्तुगीज, डच, इंग्रज असा क्रम आणि किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी. प्रवासी पैसे देतो, दोर ओढतो, फोटो काढतो. मासे फारसे येत नाहीत, जाळ्यांची संख्या घटत चाललीय, आणि काही जाळी आता मासळीपेक्षा पाहुण्यांवर जास्त जगतात. सागवानाचे खांब, दोर, मजुरी परवडत नाही. मासा मिळतोय तोवर पाहुणा हा जोडधंदा असतो. मासा गेला की कोळी देखाव्यातलं पात्र होतो. नायगावच्या ताईंना विरोध नाही, पण हे डोळ्यांनी बघतोय म्हणून सांगितलं.

डोलीवाला
देशपांडे साहेब, माझ्या मनातलं बोललात, पण मला त्याहून मोठी भीती आहे. आम्ही जिथे बोंबील वाळवतो, जाळी पसरतो, होड्या ओढतो ती जागा कितीशी आमच्या सातबाऱ्यावर आहे? पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, कागदावर सरकारी. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय ते सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. २०२४ पासून भाईंदरहून रो-रो येते, गाड्या थेट जेट्टीवर उतरतात. उद्या ‘पर्यटनासाठी’ म्हणून त्याच वाळवणाच्या जागेवर पार्किंग आलं, मग फूड कोर्ट. तेव्हा आईच्या हातचं कालवण खाणारे पाहुणे आमच्या बाजूने उभे राहतील? वर पालघरकडे वाढवणला बंदर येतंय, तिथले मच्छीमार किती वर्षं ओरडतायत ते बघा. आधी जमीन नावावर करा, मग पाहुणे बोलवा.

नायगावची पोर
दादा, जमिनीचं शंभर टक्के खरं. पण जमीन मिळेपर्यंत बायकांनी व्यापाऱ्याच्याच तोंडाकडे बघायचं? भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते, होड्या बऱ्याचदा किनाऱ्यावर असतात, पुरुष जाळी शिवत बसलेले असतात. तेव्हा आठ-दहा माणसं आली तर कुणाचं काय बिघडतं? वलांडीच्या बाजूला दोरी बांधा आणि एक म्हातारी बसवा. तिच्या तोंडापुढे कुणाची हिंमत नाही आत जायची.

गडभटक्या
म्हातारीची कल्पना आवडली. कालवणाचे दर टाका. बाकी मी १७३९ वरच आहे.

डोलीवाला
पैसे मच्छीमार सोसायटीकडे जाणार की बाईच्या हातात, तिथेच भांडण लागेल. पुढच्या सभेत मांड तू हा विषय. मी विरोधात बोलणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.