शिक्का आमचा, निर्णय साहेबांचा: विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील अनुभव

चंदगडकर:
मी चंदगड तालुक्यातला असून बेळगावजवळ विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. काम मनापासून आवडते. त्रास आहे तो वरिष्ठांच्या वागण्याचा. महिनाअखेर आली की डिस्पॅचची घाई उडते आणि ‘आता तपासणी पास झाल्याचा शिक्का मारा, कागद मागाहून पूर्ण करू’ असे तोंडी सांगितले जाते. मध्यंतरी एका ब्रॅकेटचे छिद्र मर्यादेपेक्षा दोन शतांश मिलिमीटर मोठे भरले. मी नापास भागाला लावतात तो लाल टॅग लावून तो भाग बाजूला ठेवला, तेव्हा ‘बसवल्यावर हे कोणाला दिसणार आहे?’ असे सुपरवायझरांनी सर्वांसमोर सुनावले आणि पुढच्या आठवड्यापासून मला सलग रात्रपाळी लावली. ओव्हरटाइमचे पैसेही पूर्ण मिळत नाहीत. तक्रार केल्यास करार वाढणार नाही, ही धास्ती आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

निवृत्त विमान देखभाल अभियंता, टिळकवाडी:
आपण भाग बाजूला ठेवलात ते योग्यच केलेत. ‘एएस 9100’ या विमान उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकानुसार मापात न बसणारा भाग आहे तसा वापरायचा झाल्यास त्याला रचनेची जबाबदारी असणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते. तो अधिकार सुपरवायझरांना नाही आणि आपल्यालाही नाही. छिद्राचा फरक कदाचित निरुपद्रवी असेल, पण ते रचनाकाराने ठरवायचे असते.

‘कागद मागाहून’ या सवयीचे मोल 5 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत दिसले. बोइंग 737-9 जातीच्या विमानाचे, दाराच्या जागी बसवलेले पॅनेल उड्डाणानंतर थोड्याच वेळात निखळले. कारखान्यात दुरुस्तीसाठी ते उघडले गेले होते, परत बसवताना चार बोल्ट लावायचे राहिले, आणि ते उघडल्याची नोंदच नसल्यामुळे पुढची तपासणीही झाली नाही. कॅनडात 1993 साली गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतील चुकांची बारा कारणे मांडली, त्यांत थकवा, दडपण आणि ठामपणे बोलता न येणे ही तिन्ही आहेत. बोलणाऱ्याला रात्रपाळीची शिक्षा देणारा कारखाना ही तिन्ही कारणे स्वतःच्या हाताने तयार करतो.

खानापूरकर:
मी दुसऱ्या बाजूला, उत्पादन विभागात काम केले आहे. माल उशिरा गेला की ग्राहकाकडे पुरवठादाराचे मानांकन घसरते, आणि आपल्यावर ओरडणारा सुपरवायझर तासाभरापूर्वी स्वतः बोलणी खाऊन आलेला असतो. म्हणून त्याचे चुकत नाही असे नव्हे. परंतु ‘इथले वातावरण वाईट आहे’ अशी तक्रार केलीत तर ती वाऱ्यावर जाईल. भागाचा क्रमांक, रेखाचित्रातील मर्यादा, प्रत्यक्ष मोजमाप आणि आपण काय केले एवढेच लिहून गुणवत्ता प्रमुखांना ईमेल करावा. तोंडी आदेश आला तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तोच आदेश सुपरवायझरांना लेखी कळवावा. बहुतेक आदेश तिथेच मागे घेतले जातात.

उद्यमबागेतील एक कामगार:
मजुरीचा प्रश्न वेगळा ठेवावा. कारखान्यातील ओव्हरटाइमला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला कायद्याने मिळतो, आणि ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर येते. आपले घर महाराष्ट्रात असले तरी कारखाना कर्नाटकात आहे, तेव्हा तक्रार बेळगावच्या कामगार खात्याकडेच करावी लागेल. कोल्हापूरला हेलपाटे घालू नयेत. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर होते. सीमाप्रश्न त्या खिडकीवर सुटणार नाही!

चंदगडकर:
आभारी आहे. पुरावा म्हणून टॅग लावलेल्या भागाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे का?

निवृत्त विमान देखभाल अभियंता, टिळकवाडी:
मुळीच नको. भाग आणि रेखाचित्रे ग्राहकाची गोपनीय मालमत्ता असतात, आणि आपल्याला काढून टाकायला त्यांना आयते कारण मिळेल. तपासणी अहवालावर खरे माप लिहावे आणि अहवालाचा क्रमांक ईमेलमध्ये नमूद करावा.