मलमाचा अंश आणि ट्रेनरची जबाबदारी

सात रस्ता :
होटगी रोड या नावाने लिहिणाऱ्यांनी काल येथे मांडलेले मत वाचून गप्प राहणे मला जमले नाही. त्यांचे म्हणणे असे : 2021 च्या केंटकी डर्बीत पहिल्या आलेल्या मदिना स्पिरिट या घोड्याच्या रक्तात मिलिलिटरमागे केवळ 21 पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) बेटामेथासोन हे औषध सापडले, तेही कातडीला लावायच्या मलमातले, एवढ्यासाठी त्याचे ट्रेनर बॉब बॅफर्ट यांना डर्बी भरवणाऱ्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सने तीन वर्षे दाराबाहेर ठेवले, हा निव्वळ सूड होता, आणि घोड्याच्या अंगात जे सापडेल त्याला ट्रेनरच जबाबदार, हा नियम आता मोडीत काढावा.

आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. बेटामेथासोन सांध्याची सूज उतरवते आणि दुखणे दाबते. उपचार म्हणून ते देण्यास बंदी नाही, परंतु शर्यतीच्या दिवशी ते अंगात मुळीच असता कामा नये, असा केंटकीचा नियम होता. तो बॅफर्ट यांना पुरता ठाऊक होता, कारण आदल्याच वर्षी, 2020 मध्ये, केंटकी ओक्स या घोड्यांच्या माद्यांच्या शर्यतीत तिसरी आलेली त्यांचीच गॅमीन ही घोडी याच औषधामुळे बाद ठरली होती. हा अनुभव गाठीशी असलेल्या पागेत पुढच्याच वर्षी डर्बीच्या घोड्याला तेच औषध असलेले मलम लागते, ट्रेनर आधी जाहीरपणे सांगतो की हे औषध घोड्याला कधी दिलेच नाही, आणि मलमाचा उल्लेख त्यानंतर येतो. यात दुर्दैव कोठे आहे?

आणि सूड म्हणाल, तर स्ट्युअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, फेब्रुवारी 2022 मध्ये दिलेली शिक्षा पाहा : 90 दिवसांची बंदी आणि 7,500 डॉलर दंड. त्या डर्बीचे पहिले बक्षीस 18,60,000 डॉलर होते. घोडा बाद झाला आणि मँडलूनला विजेता ठरवण्यात आले हे खरे, पण ज्याच्या हाती घोडा होता त्याला झालेला दंड एवढाच. मदिना स्पिरिट त्याआधीच, डिसेंबर 2021 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर सरावानंतर कोसळून मेला होता. शवविच्छेदनात निश्चित कारण ठरले नाही, म्हणून तो मृत्यू मी औषधाच्या माथी मारत नाही. मी एवढेच म्हणतो, की पाचशे किलोंच्या आसपास वजनाचे जनावर ताशी साठ किलोमीटरने धावत असताना प्रत्येक ढांगेत एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. त्या पायाचे दुखणे दाबून त्याला पळवायचे की नाही, हे घोडा ठरवत नाही आणि जॉकीलाही कोणी सांगत नाही. ज्याला ते ठाऊक असू शकते, त्याच्यावरच जबाबदारी ठेवली पाहिजे.

होटगी रोड :
माझ्या म्हणण्यातला सोयीचा भाग आपण उचलला आहे. औषधे द्यावीत असे मी कोठेही लिहिलेले नाही.

2018 मध्ये तिहेरी मुकुट, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकणाऱ्या जस्टिफाय या घोड्याचे उदाहरण घ्या. त्याआधीच्या सांता अनिता डर्बीनंतर त्याच्या नमुन्यात स्कोपोलामिन सापडले. हे द्रव्य धोत्र्यात असते, आणि धोत्रा चाऱ्यात येऊ शकतो हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने चारा दूषित असल्याचे मानून तेव्हा प्रकरण बंद केले. आपल्या नियमाने तेथेही ट्रेनरला गुन्हेगार ठरवायचे काय? अमेरिकेत मेटफॉर्मिन सापडल्यावरूनही ट्रेनरांवर कारवाई झालेली आहे. पागेत काम करणाऱ्या चार माणसांपैकी एक जण मधुमेहाची गोळी घेत असेल, त्याच हाताने तो खुराक कालवत असेल, तर ट्रेनरने काय करायचे? हात कोणाचा होता, हे आधी पाहायला नको काय?

आता खऱ्या चोरांकडे पाहू. मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारने जॉर्ज नवारो आणि जेसन सर्व्हिस या ट्रेनरांसह सत्तावीस जणांवर घोड्यांना बंदी असलेली औषधे देण्याच्या प्रकरणात आरोप ठेवले. पुढे नवारोला पाच वर्षांची आणि सर्व्हिसला चार वर्षांची कैद झाली. हे दोघे प्रयोगशाळेने पकडले काय? नाही. एफबीआयने त्यांचे फोन ऐकले म्हणून ते सापडले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सर्व्हिसच्या मॅक्सिमम सिक्युरिटी या घोड्याने सौदी कप जिंकला होता. मलम पकडणारी आणि दरोडा सोडून देणारी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यावर आपण ट्रेनरचे सगळे आयुष्य टांगून ठेवता.

मोतद्दाराची लेक :
माझे वडील पुण्याच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखत. आम्ही सोलापुरात असायचो आणि ते सुट्टी मिळेल तेव्हा गाडीने यायचे. एका हंगामात त्यांच्याकडच्या घोड्याच्या लघवीच्या नमुन्यात काहीतरी निघाले. काय निघाले हे आम्हाला कधीच कळले नाही. ट्रेनरने चौकशीत सांगितले की खुराक मोतद्दाराने कालवला होता, आणि वडिलांना त्याच आठवड्यात खोली रिकामी करावी लागली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाटलीवर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याने कोणते औषध निवडले असणार?

म्हणून होटगी रोड, आपला 'हात कोणाचा होता' हा प्रश्न मला भीतिदायक वाटतो. ट्रेनरवरची सरसकट जबाबदारी उठली की त्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी मोतद्दार असेच येईल, कारण पागेत सर्वांत खालचा माणूस तोच असतो. मधुमेहाची गोळी घेणारा, धोत्रा न निवडणारा, मलम पुसायला विसरणारा, सगळीकडे तोच.

सांगोल्याची खिल्लार :
आपण सगळे केंटकी आणि कॅलिफोर्नियात फिरून आलात, परंतु आपल्या शिवारात काय चालले आहे याकडे कोणाचेच लक्ष नाही, याचा मला राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या अटींत बैलाला उत्तेजक द्यायचे नाही, हेही आहे. छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असे 2017 च्या दुरुस्तीतच लिहिलेले आहे. आता मला सांगा, आपल्यापैकी कोणी कधी एखाद्या मैदानावर बैलाची लघवी बाटलीत घेताना पाहिली आहे काय?

माझ्या घरी तीन पिढ्या खिल्लार आहे. बंदीच्या काळात जातिवंत खोंड कवडीमोलाने विकावे लागले, म्हणून शर्यत परत आल्याचा आनंद मला आपल्या सर्वांहून अधिक आहे. त्यामुळेच सांगतो, की सुटण्याआधी गाडीच्या आडोशाला सुई टोचताना मी पाहिले आहे. हटकले तेव्हा 'टॉनिक आहे' असे उत्तर मिळाले. डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मात्र त्या जोडीजवळही होते. ही प्रमाणपत्रे कशी मिळतात, हे डॉक्टर मंडळींनी एकदा उघडपणे सांगावे.

पशुवैद्यक, माळशिरस :
सांगतो, आणि हा आरोप मला लागला आहे हेही सांगतो. मैदानाच्या दिवशी सकाळी जोड्यांची रांग लागलेली असते. मी ताप पाहतो, नाडी पाहतो, डोळे, खूर, चाल आणि अंगावरच्या जखमा पाहतो, आणि त्या घटकेला बैल धावण्यायोग्य दिसतो एवढेच लिहून देतो. माझ्या सहीनंतर आडोशाला काय टोचले जाते, हे त्या कागदाला कळत नाही. आपण सुई पाहिलीत, तेव्हा पंचांकडे तक्रार केलीत काय? की गावात वैर नको म्हणून टॉनिकचे उत्तर मान्य केलेत?

अश्वशर्यतीत विजेत्याचा नमुना शर्यतीनंतर घेतात, त्याचे दोन भाग करतात, पहिल्यात काही निघाले तर दुसरा भाग तपासता येतो. मदिना स्पिरिटचे दोन्ही भाग जुळले होते. आमच्याकडे तपासणी फक्त शर्यतीच्या आधी होते, नंतर काहीच होत नाही, म्हणजे जी वेळ महत्त्वाची तीच सुटते. हा दोष सही करणाऱ्याचा नव्हे.

सांगोल्याची खिल्लार :
तक्रार केली होती. पंच म्हणाले, पुरावा काय? पुढच्या मैदानाला आमच्या जोडीची चिठ्ठीच निघाली नाही. आता वैराची भाषा आपण मला शिकवू नये.

होटगी रोड :
मूळ विषय ट्रेनरच्या जबाबदारीचा होता, बैलांचा नव्हे.

सांगोल्याची खिल्लार :
बैलाला पळवणारा तो ट्रेनरच. फक्त त्याच्या डोक्यावर फेटा असतो आणि त्याच्यावर स्ट्युअर्ड नसतो.

अकलूजची पेठ :
विषय एकच आहे असे माझेही मत आहे, कारण दुखणे दाबणे केवळ शर्यतीत चालत नाही. आमच्या अकलूजच्या घोडेबाजारात माझ्या भावाने एक मारवाडी घोडी घेतली. बाजारात ती चारही पायांवर इतकी सुरेख नाचली की घासाघीस करण्याचेही त्याला सुचले नाही. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तिला पुढचा उजवा पाय टेकवेना. डॉक्टर म्हणाले, हे दुखणे जुने आहे, विकण्याआधी वेदनाशामक दिलेले असणार. विकणाऱ्याचा फोन बंद. ती घोडी आजही आमच्या दारात आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. होटगी रोड आपल्या पिकोग्रॅमचा हिशोब मांडतात, तेव्हा मला तो पाय दिसतो.

होटगी रोड :
आपल्या घोडीचे मला मनापासून वाईट वाटते, परंतु एका घोडीच्या पायावरून कायदा ठरत नाही. ती उघड फसवणूक होती. मलमाच्या अंशाशी तिची तुलना करून आपण बॅफर्ट यांच्यावर अन्याय करता.

पशुवैद्यक, माळशिरस :
तुलना चुकीची नाही. केंटकी डर्बीचा विजेता औषधामुळे पहिल्यांदा बाद झाला तो 1968 मध्ये, डान्सर्स इमेज, आणि त्याच्या नमुन्यात होते फेनिलब्युटाझोन, म्हणजे असेच एक वेदनाशामक.

उपायाविषयी मात्र होटगी रोड यांचा एक मुद्दा मी मान्य करतो : केवळ बाटलीतल्या नमुन्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. औषध पागेत येते कोठून, हे धरले पाहिजे. आमच्या व्यवसायातलेच उदाहरण देतो. औषध दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरू लागली म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच होत्या. 2015 मध्ये माणसांचे इंजेक्शनही एका वेळेपुरत्या तीन मिलिलिटरच्या कुपीतच विकायचे, असा नियम आला. मोठ्या जनावरासाठी आता कुप्यांवर कुप्या फोडाव्या लागतात. प्रत्येक गोठ्यात शिपाई उभा न करता वापराला आळा बसतो तो असा. पागेतल्या प्रत्येक औषधाची खरेदी, कोणत्या घोड्याला कधी दिले त्याची नोंद आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरची सही, हे सक्तीचे केले तर मलमाचा प्रश्नही तेथेच सुटतो : नोंद आहे की नाही, एवढेच पाहायचे.

सात रस्ता :
डॉक्टर, हे मला पटते. नमुना शर्यतीनंतरच घ्यावा असेही नाही. 2013 मध्ये इंग्लंडातल्या न्यूमार्केटला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शर्यत नसताना दुबईच्या शेखांच्या गोडॉल्फिन या पागेत जाऊन नमुने घेतले, तेव्हा अकरा घोड्यांत ॲनाबॉलिक स्टेरॉइड निघाले आणि तेथील ट्रेनर महमूद अल झरूनी यांना आठ वर्षांची बंदी झाली. तेथे कोणाचे फोन ऐकावे लागले नाहीत. होटगी रोड म्हणतात त्याप्रमाणे नवारो आणि सर्व्हिस चाचणीतून निसटले, हे मी नाकारत नाही. त्यावरून चाचणीची वेळ आणि जागा बदला, असे म्हणता येईल. जबाबदारी उठवा, असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे वेगळे नियम होते, म्हणून एका राज्यात अडकलेला माणूस दुसऱ्या राज्यात घोडे पळवत असे. त्यासाठी 2020 च्या शेवटी संघराज्याचा कायदा करावा लागला आणि औषधांचे समान नियम लागू व्हायला मे 2023 उजाडला.

होटगी रोड :
नोंदवहीचा डॉक्टरांचा प्रस्ताव मला मान्य आहे. ज्या ट्रेनरची नोंद चोख आहे आणि सापडलेले द्रव्य चाऱ्यातून किंवा माणसाच्या गोळीतून येऊ शकते, त्याचा घोडा बाद करा, बक्षीस परत घ्या, पण त्याला वर्षानुवर्षे बाहेर ठेवू नका. याहून पुढे मी येणार नाही. बॅफर्ट यांच्याबाबतचे माझे मत बदललेले नाही.

मोतद्दाराची लेक :
त्या नोंदवहीत मोतद्दाराचा अंगठा घेऊ नका. अंगठा घेतलात की दोष पुन्हा त्याच्याच नावावर चढेल. औषध देणाऱ्याच्या जागी ट्रेनरचेच नाव हवे, मग बाटली प्रत्यक्ष कोणी का धरलेली असेना.

होटगी रोड :
ठीक आहे, ताई. ट्रेनरचेच नाव.

सांगोल्याची खिल्लार :
आमच्या मैदानाच्या समितीची बैठक या महिन्यात आहे. पहिल्या तीन जोड्यांचा नमुना शर्यत संपताच पंचांसमोर घ्यावा आणि तोवर बक्षीस हाती देऊ नये, असे मी मांडणार आहे. डॉक्टर, मघाचे मनात ठेवू नका, नमुना घ्यायला आपण याल काय?

पशुवैद्यक, माळशिरस :
येईन. बाटल्या सीलबंद करून दोन भाग मी करीन आणि बर्फाची पेटीही माझी आणीन. तपासणीचा खर्च मात्र समितीने बक्षिसाच्या रकमेतून आधीच बाजूला काढून ठेवावा, आणि ते मैदानाच्या पत्रकावर छापावे, म्हणजे गाडामालकांना नंतर कुरकुर करता येणार नाही.