गेम अडखळतो, आपोआप बंद पडतो आणि कधी कधी संगणकच रीस्टार्ट होतो: तपासणीची सुरुवात कुठून करावी?

मोरणाकाठ

नमस्कार. मी अकोल्यात राहतो. माझा संगणक 2022 च्या दिवाळीत जोडून घेतलेला आहे. त्यात रायझेन 5 5600 प्रोसेसर, 12 जीबीचे आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 550 वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), 256 जीबीचा एसएसडी आणि 1 टीबीची हार्ड डिस्क आहे. रॅम सुरुवातीला 8 जीबीच्या दोन स्टिकची होती. या फेब्रुवारीत त्याच कंपनीच्या आणि त्याच 3600 वेगाच्या आणखी दोन स्टिक बसवून ती 32 जीबी केली. विंडोज 11 आहे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत आहे.

मार्चमध्ये एक नवा, मोठ्या खुल्या नकाशाचा गेम घेतला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला. कोपऱ्यातला आकडा सतत 70 ते 80 फ्रेम दाखवतो, तरीही गाडी चालवताना दर थोड्या वेळाने चित्राला गचका बसतो. अर्ध्यापाऊण तासाने गेम कोणताही संदेश न देता बंद पडतो आणि मी थेट डेस्कटॉपवर येतो. शिवाय आतापर्यंत चार वेळा संपूर्ण संगणकच क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तेव्हा निळा पडदाही दिसला नाही. दोष गेमचाच असावा असे समजून मी तो दोनदा काढून पुन्हा टाकला, पण काहीही फरक पडला नाही. दुकानदार एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बदला म्हणतो. एवढा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

पंचगंगा

मे महिना आणि अकोला म्हटल्यावर पहिली शंका उष्णतेचीच येते. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम सुरू ठेवून तासभर खेळा आणि सर्वाधिक तापमानाची नोंद कळवा. आपल्या प्रोसेसरची मर्यादा 90 अंश सेल्सिअस आहे. तिच्या जवळ गेल्यास तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो. समोरची जाळी आणि पंख्यांची पाती धुळीने भरलेली नाहीत ना, हेही पाहावे.

मोरणाकाठ

आभारी आहे. कालच ब्लोअरने सगळी धूळ काढली. दुपारी तीन वाजता, खोलीत कूलर चालू असताना, तासभर खेळून पाहिले. प्रोसेसर जास्तीत जास्त 77 अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड 74 अंशांवर गेले. त्याच तासात गेम एकदा बंद पडला.

जोडणी

एवढ्या तापमानात काही वावगे नाही, त्यामुळे उष्णतेचा मुद्दा सध्या बाजूला ठेवू. माझी कळकळीची विनंती आहे की आताच काहीही विकत घेऊ नका. आपण तीन तक्रारी एकाच दमात सांगितल्या आहेत आणि त्यांचे मूळ एकच असेल असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. मला तसे वाटत नाही. गचका, गेम बंद पडणे आणि संगणक रीस्टार्ट होणे यांची कारणे बहुधा वेगवेगळी निघतील. ती स्वतंत्रपणे शोधावी लागतील आणि एका वेळी एकच बदल करावा लागेल, नाहीतर कोणत्या बदलाने काय सुधारले हे कधीच कळणार नाही.

मला सर्वात जास्त काळजी गेम बंद पडण्याची आहे, कारण त्यामागे रॅम असेल तर नुकसान फक्त खेळापुरते राहत नाही. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर (बिघाडांची दिवसवार नोंद) उघडा. तिथे गेम बंद पडल्याची प्रत्येक नोंद लाल फुलीने दिसेल आणि तिच्या तपशिलात कोणत्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रॅमच्या कोणत्या फाइलमध्ये) चूक झाली व त्या चुकीचा संकेत (एरर कोड) कोणता, हे लिहिलेले असेल. संकेत 'सी0000005' असेल, तर प्रोग्रॅमने आपल्या हक्काच्या नसलेल्या मेमरीला हात लावला असा त्याचा अर्थ होतो. चूक दरवेळी एकाच मॉड्यूलमध्ये होत असेल, तर गेम किंवा ड्रायव्हर सदोष असण्याची शक्यता मोठी. पण आज एक मॉड्यूल, उद्या दुसरे, परवा भलतेच, असे दिसत असेल तर मी आधी रॅमकडेच बोट दाखवीन.

आपल्या बाबतीत तसा संशय घ्यायला जागा आहे. डीडीआर4 चा प्रमाणित वेग 3200 पर्यंतच आहे. 3600 हा वेग एक्सएमपी प्रोफाइल (रॅम कंपनीने दिलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करून, व्होल्टेज 1.2 वरून सामान्यतः 1.35 वर नेऊन मिळवलेला असतो. दोन स्टिकवर तो सहसा निभावतो. चार स्टिक बसवल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो, म्हणूनच या पिढीच्या रायझेनसाठी चार सिंगल-रँक स्टिक (चिपचा एकच गट असलेल्या) असताना अधिकृत मर्यादा 2933 आणि चार ड्युअल-रँक स्टिक (दोन गट असलेल्या) असताना 2667 एवढीच दिलेली आहे. त्यात आपल्या दोन जोड्या वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या आहेत. लेबल एकच असले तरी आतल्या चिप एकाच घडणीच्या असतीलच, असे नाही.

तेव्हा मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून संगणक सुरू करा आणि रात्रभर चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर ती खपवून घेऊ नये. रॅमच्या चाचणीत शून्यापेक्षा मोठा कोणताही आकडा नापासच. चुका आल्याच, तर नव्या दोन स्टिक काढून जुन्या दोन प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा आणि तीच चाचणी पुन्हा करा. त्यानंतर चारही स्टिक बसवून, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग 2933 ठेवून तिसऱ्यांदा. वेळखाऊ काम आहे, पण यातून जे कळेल ते अंदाजाने कळणार नाही.

आता गचक्यांविषयी. फ्रेमचा आकडा हा सरासरीचा आकडा असतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद, त्यांपैकी एकाच फ्रेमला 120 मिलिसेकंद लागले तरी सरासरी जवळपास तशीच राहते, डोळ्यांना मात्र तो झटका स्पष्ट जाणवतो. म्हणून रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅममध्ये फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा आणि एकाच रस्त्यावरून तीनदा गाडी न्या. पहिल्या फेरीत गचके बसून पुढच्या दोन फेऱ्या सुरळीत गेल्या, तर गेम शेडर (ग्राफिक्स कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) जागच्या जागी कंपाइल करत आहे असे समजा. डायरेक्टएक्स 12 वरच्या अनेक गेममध्ये हे आढळते आणि त्यासाठी यंत्र बदलण्यात अर्थ नाही. तिन्ही वेळा त्याच वळणांवर गचका बसला, तर नकाशाचा पुढचा भाग डिस्कवरून वेळेत येत नाही असा संशय घ्यावा. गेम कोणत्या डिस्कवर आहे?

बायोस किती जुना आहे हेही सांगा. विंडोज 11 साठी लागणाऱ्या एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा सुविधेमुळे) काही रायझेन संगणक अधूनमधून अडखळतात, हे एएमडीने मार्च 2022 मध्ये स्वतः मान्य केले होते आणि त्याचा इलाज पुढच्या बायोसमधून आला.

रात्रपाळी

वरील सर्व सूचनांशी सहमत आहे. संगणक रीस्टार्ट होण्याबद्दल थोडी भर घालतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) आपल्याला 'कर्नेल-पॉवर 41' ही नोंद सापडेल आणि ती पाहून अनेक जण एसएमपीएस बदलून मोकळे होतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण त्यात नसते. तिच्याजवळच 6008 क्रमांकाची नोंद पाहा, तिच्यात बंद पडल्याची वेळ मिळते. चारही वेळा कागदावर लिहून काढा आणि त्या वेळी घरात काय चालू होते ते आठवा. 'व्हीआ-लॉगर' (WHEA-Logger, यंत्रातल्या चुका टिपणारी) नावाची नोंद सोबत असेल, तर दोष यंत्राच्या आत शोधावा लागेल. ती नसेल, तर मी आधी भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करीन.

संगणक घरच्या इन्व्हर्टरवर आहे का? असेल, तर मागच्या बाजूची कळ यूपीएस मोडवर आहे की साध्या, हे कृपया पाहून सांगा.

मोरणाकाठ

उत्तरास आठ दिवस लागले, कारण सगळ्या चाचण्या सांगितल्या क्रमानेच केल्या.

रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये मार्चपासून अकरा लाल फुल्या होत्या. संकेत प्रत्येक वेळी सी0000005, पण मॉड्यूल सहा वेगवेगळी. त्यात दोनदा ब्राउझरही बंद पडला होता, ज्याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. मेमटेस्ट86 च्या पहिल्या फेरीत काहीच आले नाही आणि मी निर्धास्त झालो. पहाटे उठून पाहतो तर तिसऱ्या फेरीत सात चुका, लाल अक्षरांत. जुन्या दोन स्टिकवर 3600 ला चारही फेऱ्या स्वच्छ. नव्या दोन स्टिकवरही स्वच्छ. म्हणजे चारांतली एकही स्टिक खराब नव्हती. चौघींना मिळून तो वेग झेपत नव्हता. चारही स्टिक 2933 वर ठेवल्यावर सलग दोन रात्री शून्य चुका. तेव्हापासून गेम एकदाही बंद पडलेला नाही.

6008 च्या नोंदींतल्या वेळा लिहिल्या: सकाळी 7.42, 7.38, 7.51 आणि पुन्हा 7.40. व्हीआची नोंद एकही नाही. सुट्टीच्या दिवशी मी सकाळी खेळतो आणि नळ आले की आई त्याच सुमारास पाण्याची मोटर लावते. मोटर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्याचा आणि संगणकाचा संबंध असेल असे कधी मनातही आले नाही. इन्व्हर्टरची कळ साध्या मोडवर होती.

रात्रपाळी

मग उलगडा झाला. मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचते आणि घरातला दाब खाली येतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर बॅटरीवर येण्यास जास्त वेळ घेतो. पंखे-दिव्यांना ते चालते. संगणकाचा एसएमपीएस मात्र पूर्ण भारावर पुरवठ्याशिवाय साधारण 16 मिलिसेकंदच तग धरतो, आणि गेम चालू असताना भार जास्त असल्याने नेमका तेव्हाच तो हार मानतो. कळ यूपीएस मोडवर करा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल, तर संगणकासाठी प्योर साइन वेव्हचा (वाहिनीसारखी गुळगुळीत लहर देणारा) वेगळा यूपीएस घेणे उत्तम.

मोरणाकाठ

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच आहे. कळ बदलली, गेम चालू ठेवला आणि धाकट्या भावाला मेन स्विच खाली-वर करायला सांगितले. दहा वेळा केले; दिवे दहाही वेळा लुकलुकले, संगणक एकदाही बंद पडला नाही. परवा नळ आले तेव्हा मोटरसोबतही तपासले.

बायोस 2023 चा आहे, त्यामुळे एफटीपीएमचा प्रश्न नव्हता. गेम मात्र हार्ड डिस्कवर होता. एसएसडी रिकामा करून गेम तिकडे हलवला. बसस्थानकाजवळच्या वळणावर आणि पुलावर तिन्ही फेऱ्यांत बसणारे गचके गेले. नव्या भागात पहिल्यांदा शिरताना आलेखावर अजूनही एखादा सुळका दिसतो, दुसऱ्यांदा दिसत नाही.

जोडणी

तो सुळका शेडरचा आहे. ड्रायव्हर बदलल्यावर शेडरचा साठा नव्याने तयार होतो, त्यामुळे तेव्हा काही काळ तो पुन्हा दिसेल, घाबरू नका.

एक काम मात्र राहिले आहे. फेब्रुवारीपासून मेमरी चुका करत होती आणि त्या काळात डिस्कवर जे लिहिले गेले, त्यातही चुका उतरलेल्या असू शकतात. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'sfc /scannow' ही आज्ञा चालवा, म्हणजे विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त होतील. फेब्रुवारी ते मे या काळात कॉपी केलेले फोटो आणि झिप फाइल उघडून पाहा, आणि मूळ प्रती फोनमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावर अजून असतील, तर हे तपासून होईपर्यंत त्या पुसू नका.